अंबाबाईच्या शेळ्या

"माय, त्या शेळ्या ने गं बाहेर! बाजार उघडलाय!"

शिवशंकरचा आवाज आतून आला आणि अंबाबाईने घाईघाईने दावी सोडली. सकाळचे सव्वानऊ. आता साडेतीनपर्यंत घरात भांडं वाजायचं नाही की शेळीनं ओरडायचं नाही! पोरानं पाथरीच्या औषध दुकानातली चांगली नोकरी सोडली, लॅपटॉप घेतला आणि सकाळी शेअर घ्यायचे, त्याच दिवशी विकायचे, असा धंदा घरात मांडला, त्याला चौदा महिने होत आले होते. ह्याला काम म्हणायचं की आणखी काही, हे त्या भाबड्या जिवाला अजून उमगलं नव्हतं... तो घामाघूम व्हायचा, म्हणजे कष्ट तर होतेच. पण संध्याकाळी हातात काही दिसायचं नाही!

एकदा तिने विचारलंही होतं, "सकाळी घेतलेली शेळी दुपारी इकली, तर तिला चारा कवा घालायचा रं?" त्यावर तो हसला होता, आणि तो हसला म्हणून तिलाही बरं वाटलं होतं.

आज मात्र बाराच्या सुमारास त्यानंच फोन करून तिला माळावरून परत बोलावलं. अंगणात व्यापारी महारुद्र उभा होता. उपरण्याखाली त्याचे आणि शिवशंकरचे हात गेले, बोटं दाबून भाव ठरला, माना हलल्या... दोन काळ्या शेळ्यांचा सौदा झालासुद्धा!

"आजचा दिवस पैसे लावू दे, माय. तोटा भरून निघंल. मंग तू म्हणशील तर उद्या दुकानात जातो. शेठ अजून बोलवायलाय."

अंबाबाई शेळ्यांच्या आड येऊन उभी राहिली. होय म्हणावं तर परक्याची जितराबं जाणार. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार...

"त्या आपल्या न्हाईत रे, बाबा..."

"आपल्या न्हाईत? मंग कुणाच्या?"

"खालच्या गल्लीतल्या सुलाबाईच्या. आपल्या मी कवाच इकल्या. गेल्या वर्षी तू 'एकदाच पैसे दे, माय' म्हणलास, तवा मामानं पैसे दिले म्हणून सांगितलं ना मी? ते शेळ्यांचेच होते. ह्या तशाच काळ्या, अर्धलीनं राखायलेय. दोन पिल्लं झाली की एक तिला, एक मला."

महारुद्रनं उपरणं खांद्यावर टाकलं. झालेला सौदा मोडणं म्हणजे केवढी नामुष्की, पण तो तसाच निघून गेला.

शिवशंकर आईसमोर येऊन बसला. "तू लोकाच्या शेळ्यामागं फिरायलीस, आन् मी... मी तुला रोज उन्हात हाकलत होतो! माय, मला मारलं का न्हाईस गं?"

"मला कळतच न्हाई रे तुझं काम!" तिचा बांध फुटला. "वाईट हाय म्हणावं, तर कुणाचं काही लुबाडत न्हाईस. चांगलं म्हणावं, तर दिसंदिस वाळायलास. लय मन लावून करायलास, एवढंच दिसायचं... मग अडवू कशी?"

आईच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला, आणि ती माउली त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तो उठला, तिच्या हातातली काठी घेतली आणि शेळ्या हाकत माळाकडे निघाला.

"आरं, तुझा बाजार चालू हाय ना अजून?"

त्याने काठी उंचावली आणि शेळ्यांना चढणीला लावलं.

अंबाबाई आत आली. लॅपटॉप उघडाच होता. लाल-हिरव्या रेघा वर-खाली होत होत्या. तो कसा बंद करायचा हे तिला ठाऊक नव्हतं, बंद करावा की नाही हेही समजेना... लेकराचं काही नुकसान होऊ नये म्हणून ती लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली, आणि दारातलं ऊन कलेपर्यंत त्या रेघा राखत राहिली.