चौथ्या दाराचा आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय. मी त्याच्याकडेच राहते, आणि त्या गाडीच्या काचा मी माझ्या हातांनी पुसल्यात.

दादाला फॅमिली कार घ्यायची होती. जपानी गाडी ॲव्हरेजला चांगली, कोरियन गाडीत फीचर्स भरपूर. पण साहेबांना युरोपियनच हवी! तीही सेकंडहँड, सगळ्यात खालचं मॉडेल, मागच्या काचा हाताने फिरवायच्या.

"दार लावून बघ," तो म्हणाला. "बाकीच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे."

ठप्प!

आवाज खरंच भारदस्त होता.

पहिल्याच रविवारी संध्याकाळी फिरून आलो आणि पार्किंगमध्ये उतरलो. पुढून दादा आणि मी, मागून माझी सहा वर्षांची भाची.

ठप्प. ठप्प. ठप्प.

आम्ही लिफ्टकडे वळलो, आणि मागून...

ठप्प.

"शेजारच्या गाडीचा असेल," दादा म्हणाला.

शेजारी गाडीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मागच्या डाव्या काचेवर आतून डाग दिसला. चिकट, पिवळसर, खालून वर गेलेला... जीभ फिरवल्यासारखा.

मी भाचीवर खेकसले.

"मी नाही गं आत्या! ती चाटते."

शी! फडक्याला आंबलेल्या दुधाचा वास. हात धुऊन धुऊन सोलवटले, तरी घास तोंडाशी नेला की तोच वास. मी ताटावरून उठले.

रोज पुसायचं, रोज नवा डाग. गाडी लॉक, किल्ली दादाच्या खिशात. एकदा तर हाताला लागलेली ती घाण... अजून कोमट होती.

मग एका सकाळी तसाच डाग झोपलेल्या भाचीच्या गालावर दिसला.

"दादा, ती गाडी आत्ताच्या आत्ता घालव!"

पोरीचा गाल बघून त्याने मिळेल त्या भावात गाडी विकून टाकली आणि कोरियन घेतली. कोरी करकरीत, सीटवर अजून प्लॅस्टिक. दार लावलं की टण् वाजायचं. दादा तोंड वाकडं करायचा, मला मात्र तो आवाज फार गोड वाटायचा.

काल दुपारी भाचीला शाळेतून आणायला गेलो. तिघं बसलो.

टण्. टण्. टण्.

मी मागे वळून पाहिलं. भाची अंग चोरून कडेला सरकली होती. शेजारी जागा करत होती.

"कोणासाठी गं?"

ती काही बोलायच्या आत...

ठप्प.

आज तिला चालतच शाळेत सोडलं. गेटपाशी वाकून तिचा पापा घेतला. गाल ओला होता.

तेव्हापासून दात घासतेय. ती चव काही जात नाही.