जांभूळझरीचा शिक्का

पळसटोल्याचं पोस्ट म्हणजे सेवकरामच्या घराची ओसरी. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का, आणि अंगणातल्या कडुनिंबाला टांगलेला लाल डबा. रोज सकाळी तो शिक्क्यातले आकडे बदलायचा आणि कवडूच्या सायकलीची वाट बघायचा. कवडू मोठ्या पोस्टातून धरणाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, टपालाची थैली आणायचा, गावात कुठं तरी भाकर खायचा आणि दुपारी तीनला पळसटोल्याची थैली घेऊन परत फिरायचा. थैलीत काही नसलं तरी ती लाखेनं बंद करून पाठवायची, असा नियम. चौतीस वर्षांत सेवकरामनं तो एकदाही मोडला नव्हता.

२००९च्या फाल्गुनात लोकेंद्रसाहेब तपासणीला आले. बसण्याआधी त्यांनी रुमालानं खुर्ची पुसली.

"मास्तर, तुमच्या डब्यात दिवसाला एक पत्र पडत नाही. खात्याला हे परवडत नाही. सात दिवस मोजणी होईल. चाळीस पत्रं निघाली तर पोस्ट राहील, नाही तर बंद."

परवडत नाही! या गावाला डॉक्टर परवडला नाही, डांबर परवडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी धरण बांधलं तेव्हा मात्र जांभूळझरीची माणसं उचलून इथल्या माळावर आणून टाकणं बरोबर परवडलं होतं. उरला होता एक लाल डबा. तोही आता कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला.

सेवकरामनं घरोघरी कार्डं वाटली. "लिवा गा. कोनालेबी लिवा."

"कोनाले लिवू?" सुखवंताबाईनं विचारलं. ऐंशीची म्हातारी, पण जीभ पंचविशीची. "पोरगा सुरतेत हाय, त्याचा मोबाईल नंबर हाय. पत्ता कोनाले ठाव?"

हे सगळ्यांचंच होतं. जिवंत माणसांचे नंबर होते, पत्ते नव्हते. तोंडपाठ पत्ते होते ते फक्त पाण्याखालच्या गावाचे.

"मंग मी बहिनीले लिवतो. मुक्काम जांभूळझरी," म्हातारी म्हणाली.

"मावशी, ते मरून किती वर्षं झाली! अन् गावबी बुडलं."

"मले काऊन शिकवतं गा? पत्र पोचन नाई, पन डब्ब्यात त पडन ना!"

झालं. तिचं ऐकून साऱ्या गावानं तेच केलं. कोणी बापाला लिहिलं, कोणी आजीला, कोणी लहानपणीच गेलेल्या भावाला. सातव्या दिवशी चाळीस पत्रं भरली. एक्केचाळिसावं सेवकरामनं स्वतः लिहिलं. सौ. सुलोचना, मुक्काम जांभूळझरी.

सुलोचना त्याची बायको. लग्न होऊन जांभूळझरीतच आली होती; गाव उठल्यावर इथल्या अंगणातला कडुनिंब तिनंच लावला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिथून तिनं कार्ड टाकलं होतं, 'जीव घाबरते. घ्यायले या.' ते कार्ड कुठल्या तरी डाकवाल्याच्या पिशवीत पडून राहिलं आणि सेवकरामच्या हातात आलं ते तिच्या तेरवीच्या दिवशी; बाळही तिच्याबरोबरच गेलं होतं. म्हणून तर तो या नोकरीत शिरला. दुसरं लग्न केलं नाही. आलेलं पत्र त्याच दिवशी पोचवायचं, मग ताप असो की पूर असो. चौतीस वर्षं त्यानं लोकांची पत्रं वाटली, त्याच्या नावाचं मात्र कधी काही आलं नाही.

आता त्याला सुचेना. शेवटी दोनच ओळी लिहिल्या, 'मला उशीर झाला. तू बरी आहेस का?'

नवव्या दिवशी कवडू धापा टाकत आला. "आज थैली लय भारी हाय, मास्तर. अन् वल्ली लागून राहिली."

लाख तोडताच ओसरीभर वास पसरला. तळं आटल्यावर गाळाचा येतो, तसा. थैली ओली, पण आतली कार्डं मात्र ठणठणीत कोरडी. एक्केचाळीस. प्रत्येकावर गोल शिक्का, 'जांभूळझरी', आणि तारीख कालची.

सेवकरामनं कार्डं दोनदा मोजली. मग उठला आणि नियमाप्रमाणे वाटायला निघाला.

सुखवंताबाईचं कार्ड त्यानं तिच्या दारात उभं राहून वाचलं. बहिणीनं लिहिलं होतं, 'माझं पाण्याचं पितळी गुंड नेलं होतं, ते वापस केलं नाही.'

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "तेच हाय! मेली तरी गुंड इसरली नाई!" हसता हसता ती रडायला लागली. मग हळूच म्हणाली, "पुन्हा लिवून दे बाबू... तिले म्हनाव, देतो."

त्या दिवशी गावात कोणी घाबरलं नाही, याचीच पुढं भीती वाटायला हवी होती. लोक कार्डं मागायला रांग लावून उभे राहिले.

स्वतःचं कार्ड सेवकरामनं सगळ्यात शेवटी वाचलं. सुलोचनाचं तिरकं अक्षर. एकच ओळ. 'तुमचं कार्ड वेळेवर भेटलं.'

'वेळेवर' या शब्दावर त्यानं बोट ठेवलं आणि ते कितीतरी वेळ तसंच राहू दिलं.

महिनाभर रोज भरलेली थैली गेली, भरलेली आली. सुलोचना विचारायची, अंगणातला कडुनिंब केवढा झाला? तो सांगायचा. तो विचारायचा, मूल कोणावर गेलंय? ती लिहायची, तुमच्यावर.

मग लोकेंद्रसाहेब हुकूम घेऊन आले. सेवकरामनं मोजणीचा कागद पुढं केला. त्यांनी त्याकडं पाहिलंही नाही.

"मास्तर, हुकमावर सही मोजणीच्या आधीच झाली होती. मोजणी आपली रीत म्हणून. शिक्का, पेटी, डबा उद्या संध्याकाळी जमा करा."

"साहेब, लोक लिवून राहिले ना..."

"लोकांना फोन करायला सांगा."

त्या दुपारी सेवकरामनं शेवटून दुसरी थैली बांधली. तिच्यात त्याचं कार्ड होतं, 'उद्यापासून इथलं पोस्ट बंद. आता तुला कसं लिहू?'

दुसऱ्या दिवशी कवडूनं आणलेली थैली हलकी होती. आत एकच खाकी लिफाफा. सरकारी कामाकरता असतो, तसा. पत्ता, सेवकराम, पळसटोला. आत टाईप केलेला आदेश. जांभूळझरी शाखेत शाखा डाकपालाची जागा रिकामी असून त्या जागी आपली नेमणूक करण्यात येत आहे. उद्या सकाळी दहा वाजता हजर व्हावे. आणि खाली कोपऱ्यात सुलोचनाच्या तिरक्या अक्षरात, 'चूल पेटवून ठेवतो.'

 सेवकरामला भीती वाटली नाही. उद्या दहा वाजायला किती तास उरले, तेवढंच त्यानं मनात धरलं. दिवसभर तो शिक्का पुसत बसला, पेटी आवरत बसला.

तीन वाजता कवडू थैली न्यायला आला. ओसरीच्या कडेला बसून त्यानं तांब्या तोंडाला लावला. "काय आलं गा, मास्तर? सकाळपासून गालात हसून राहिले."

"नोकरी लागली," सेवकराम म्हणाला आणि आदेश पुन्हा एकदा उलगडला. तेव्हा कुठं त्याला मागचं पान दिसलं.

ती वाटपाची यादी होती. नवीन डाकपालाला गावातली घरं कळावीत म्हणून देतात ती. वरची नावं त्यानं ओळखली. महिनाभर त्यांचीच पत्रं तो वाचत होता. त्यांच्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, 'नवीन येणारी घरं.' पहिलं नाव सुखवंताबाई. दुसऱ्या नावाची शाई ओली होती. त्याच्या अंगठ्याला लागली.

समोर कवडू तोंड पुसत उठला. थैली खांद्याला अडकवली.

"कवडू..." सेवकरामनं थैलीचा पट्टा धरला. "आज... धरनाच्या पाळीवरून नको जाऊ गा."

"मंग कोठून जाऊ?" कवडू हसला. त्यानं सायकल काढली. "दुसरा रस्ता हाय कोठं, मास्तर?"