रोसनाचं दूध

चहा संपवा आणि कंदील जरा बारीक करा, पोरांनो. ही माझ्या साडूची, अस्दारची गोष्ट. खोटी वाटली तर त्यालाच विचारा, पण दिवसाउजेडी विचारा.

भूकंपात खालचं अख्खं गाव चिखलानं गिळलं, त्याला आठवडा उलटला होता. गुरुवारची रात्र, एक वाजून गेलेला. टेकडीवरच्या तंबूत अस्दार, त्याची बायको हस्ना आणि दोन महिन्यांचा इल्हाम. भ्यालेल्या बाईचं दूध नासतं, असं कुणीतरी हस्नाच्या डोक्यात भरवलं होतं. झालं, तिनं पाजणंच सोडलं. मदतीच्या ट्रकमधून आलेली दुधाची पावडर गढूळ पाण्यात कालवून पोराला दिली. पोराला हगवण लागली. रडायचंही त्राण उरलं नाही.

सुईण मास्नीआजी भडकली. "नासायला ते काय पातेल्यात ठेवलंय? घे छातीशी."

"नको आजी. माझ्या हातून मरायचा तो," हस्ना म्हणाली.

"मग अस्दार, तू ऊठ. खालच्या छावणीत एक बाळंतीण आहे, ती पाजेल. सकाळची वाट बघू नकोस."

पोराला सारोंगच्या कापडात गुंडाळून अस्दार निघाला. चिखलाच्या कडेकडेनं रस्ता. अर्ध्या वाटेवर एक बाई उभी होती. त्याला वाटलं हीच ती, आजीनं निरोप धाडला असेल.

"आण इकडं," ती म्हणाली.

पोर लगेच लुचू लागलं, घटाघटा. अस्दारला रडूच फुटलं.

मग त्याला रीत आठवली. आपल्या धर्मात पाजणारी बाई पोराची आई होते, तिची लेकरं त्याची सख्खी भावंडं. उद्या लग्न जुळवताना घोळ नको, म्हणून नाव-घर आधी विचारायचं असतं. हा गडी विसरला. आता पाठमोरा उभा राहून विचारू लागला.

"ताई, नाव काय तुमचं?"

"रोसना."

"मूलबाळ?"

"एक मुलगी. याच्याएवढीच."

"कुठंय ती?"

"घरी... पीत नाही ती आता."

"घर कुठलं?"

त्यानं वळून पाहिलं. तिनं हात वर केला होता. बोट दाखवत होती... खालच्या गावातल्या मशिदीच्या बाजूला.

तिथं आता मशीद नव्हती. नुसता चिखल. सपाट.

अस्दारनं पोर ओढून घेतलं. पळाला. मागून पावलं वाजत नव्हती. आवाज येत होता... लुचण्याचा. पोर तर त्याच्या खांद्यावर झोपलेलं...

त्यानं तंबूत येऊन सांगितलं, हस्नानं सगळं ऐकलं. रागानं उठली. "माझं लेकरू आहे ते," म्हणाली आणि इल्हामला छातीशी लावलं. त्यानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा. शेवटी प्यायला लागला. पोर वाचलं.

मास्नीआजी मात्र पोराच्या मनगटाकडं बघत होती. तिथं काळ्या मण्यांचं कडं होतं, मुलीचं. रोसनाच्या लेकीला ते आजीनंच बांधलं होतं, जन्माच्या चाळिसाव्या दिवशी.

मण्यांमधला चिखल अजून ओला होता.