यादीतली सगळ्यात जुनी तारीख

हे ऐकीव नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेलं आहे आणि त्यातलं अर्धंअधिक मी या डोळ्यांनी पाहिलंय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला फक्त कुणालातरी सांगून मोकळं व्हायचंय.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. जेवणं उरकलेली, रस्ता सामसूम, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर.

ताईचा नवरा कामानिमित्त बाहेरगावी. घरात ती आणि तिची लेक. लेकीला सगळे ठकूच म्हणायचो. ठकू तेव्हा खुर्चीला धरून उभी राहायला लागली होती. खालचे दोन दात आले होते. मी लाडात तोंडात बोट घातलं, तर अशी कडकडून चावली की मी किंचाळलेच.

मावशी, म्हणजे ताईची आई, बाळंतपणाला आली ती तिथेच राहिली. दुपारी ठकूला तीच झोपवायची. थोपटायची तिची एक तऱ्हा होती.

थप थप... जरा थांबून... थप.

मग तिला खोकला धरला. साधाच आहे म्हणता म्हणता वाढत गेला. ठकूला पहिले दात दिसले त्याच आठवड्यात मावशी गेली.

मागे उरला एक व्हिडिओ. मांडीवर इवलीशी ठकू आणि मावशी समोर बघून म्हणतेय, "अगं, पुरे ते शूटिंग. तू दोन घास खाऊन घे. मी आहे ना इथे."

मावशीचा आवाज या जगात तेवढाच राहिला होता. तोही घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. ठकू झोपली की ताई रोज तो लावून बसायची.

मग दिराने हौसेने त्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून दिली.

दुसऱ्या दुपारी ताईने व्हिडिओवर क्लिक केलं, तर...

'ही फाइल उघडता येत नाही.'

पुन्हा क्लिक. पुन्हा तेच. बंद करून चालू केला, तर स्क्रीन निळीशार आणि त्यावर न समजणारे आकडे. तिने दिराला फोन लावला.

"भाऊजी, काय करून ठेवलंत हो हे!"

"अहो वहिनी, रडताय काय? जीव नाही गेलाय त्याचा, नुसतं डोकं फिरलंय. जुन्या सिस्टीमवर परत नेऊ. सांगतो तशी बटणं दाबा. आता तारखांची यादी येईल. त्यातली सगळ्यात वरची, परवाची निवडा. बाकी कशाला हात लावू नका."

यादी आली. वर परवाची तारीख होती.

आणि अगदी तळाशी... व्हिडिओ काढला त्या दिवसाची.

"भाऊजी, यात एक फार जुनी तारीख पण दिसतेय."

"छे! इतकं जुनं तो ठेवतच नाही. नीट बघा."

तिने नीट बघितलं. होती.

"बरं, निवडते," म्हणून तिने फोन ठेवला. आणि बाण खाली नेला. तळापर्यंत.

का? नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, त्या दिवशी आई घरात होती." बस, एवढंच.

स्क्रीनवर अक्षरं आली. 'या तारखेनंतर आलेलं सगळं काढून टाकलं जाईल. पुढे जायचं?'

ताईने 'हो' दाबलं.

स्क्रीन काळी झाली. मधोमध एक छोटासा गोल फिरत राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात... सपक... सपक...

घरातल्या चपलांचा आवाज. पाय ओढत चालल्याचा.

ताईने मान वळवली. कुणी नव्हतं. मग आतल्या खोलीतून...

थप थप... थप.

"ठकू?"

इकडे कॉम्प्युटर सुरू झाला. जुनी सिस्टीम, जुनी चित्रं. व्हिडिओ पहिल्या झटक्यात उघडला. "मी आहे ना इथे," मावशी म्हणाली. ताई पोटभर रडली.

मग तिच्या लक्षात आलं, घर फार शांत आहे.

ठकू उठली की पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि घर डोक्यावर घ्यायची. आज चूं नाही.

ताई आत धावली. ठकू जागी होती. उताणी. मुठी मिटलेल्या. ताईने उचललं, तर मान मागे कलंडली. सकाळी घट्ट बसलेलं झबलं तिच्या अंगावर लोंबत होतं.

ताईने तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं...

गुळगुळीत.

नवरा मिळेल त्या गाडीने आला. बघतच राहिला, मग तिला खिडकीशी नेऊन न्याहाळू लागला. हसू तेच, कानामागचा तीळ तोच. पोर त्यांचीच. डॉक्टर म्हणाले, "वाढ मागे आहे, पण तब्येत ठणठणीत. दात म्हणताय? अहो, अजून वेळ आहे." दीर कॉम्प्युटरशी झटून हरला. "वहिनी, एकदा मागे गेलं की पुढचं पुसलं जातं. आणता येत नाही."

तेव्हापासून रोज दुपारी थोपटल्याचा आवाज यायचा. मीही ऐकला. माझ्या अंगावर काटा आला, ताई मात्र हसली. "घाबरतेस काय? तुझीच मावशी आहे."

ठकू पुन्हा वाढू लागली. कुशीवर वळली, बसू लागली. आमच्या जिवात जीव आला.

मग एका दुपारी ठकूची लाळ गळायला लागली. हिरड्या सुजल्या. दिसेल ते चावायला बघू लागली.

त्याच दुपारी स्वयंपाकघरातून...

खोकला.

साधाच. मग रोज. मग वाढत गेला.

मी ताईचा हात धरला. "तू परत ते करणार नाहीस ना?"

"वेड लागलंय का तुला? पोटच्या पोरीला मागे ढकलू?" तिचे डोळे भरले. "प्लगच काढून ठेवलाय मी. हे बघ."

मी पाहिलं. वायर गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. एकच शब्द बोलली. "ये."

मी पोचले तेव्हा ताई खोलीच्या मधोमध उभी होती. वायर तिच्या हातात, गुंडाळलेलीच. आणि समोर स्क्रीन... उजळलेली.

'त्रुटी आढळली होती. पूर्वीची स्थिती आणली आहे.'

मी आत गेले. ठकू उताणी होती. झबलं अंगावर लोंबत होतं. मी तोंडात बोट दिलं. ती नुसतीच चोखत राहिली.

पाळण्यात तिच्या शेजारची गादी दबलेली होती.

थप थप... थप.

खोकला नव्हता. अजिबात नव्हता.

"मी नाही केलं गं," दारातून ताई म्हणाली. "आईलाच जायचं नाहीये."

ती पाळण्याजवळ गुडघे टेकून बसली. त्या दबलेल्या गादीपुढे तिने हात जोडले.

"आई, सोड तिला. मोठी होऊ दे गं माझी पोर."

थोपटणं थांबलं...

आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला.

मग ते पुन्हा सुरू झालं. आधीपेक्षा हळुवार.

ठकू चावली होती त्या बोटावरची खूण केव्हाच बुजली. आता रोज दुपारी मी ते बोट बघत बसते. वाटतं, बुजायला नको होती.