किल्लीला बांधलेली तार

ती खुर्ची अशी जवळ ओढा. आणि मध्येच "मग काय झालं" विचारायचं नाही, नाहीतर शेवट सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तर एक सून आपल्या सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर घाटाच्या वर, घर घाटाच्या खाली. मुलगा परगावी नोकरीला, म्हणून घरात या दोघीच. सासू मोठी गुणाची हो, लाखात एक! पण खोड एकच, थट्टेची. कधी सुनेच्या चपलेत वाटाणे घाल, कधी साखरेच्या डब्यात मीठ भर. डॉक्टरने डोळ्यांत औषध घातलं आणि म्हणाला, "आजी, चार तास सगळं अंधुक दिसेल."

सासू म्हणाली, "तरीच! मघापासून तुम्ही देखणे दिसताय."

सून लाजेने अर्धी झाली. सासूचा हात धरून तिने तिला गाडीत मागे बसवलं, काळा चष्मा चढवला आणि निघाली. दुपारचे चार वाजले असतील.

गाडी सुनेच्या वडिलांची. ते विजेच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचे. पंपाची असो की पंख्याची, आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची गुंडाळायची. लोक त्यांना तारवालेच म्हणायचे. अंगाला कायम तारेवर चढवायच्या वार्निशचा वास, गरम, गोडसर. जाऊन दोन वर्षं झाली होती.

लेकीला गाडी त्यांनीच शिकवली, आणि शिकवायची तऱ्हा तरी कशी! मोकळ्या उतारावर न्यायचे आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडायला लावायचे. म्हणायचे, "हे हातातलं चाक हलकं लागतं ना, ते विजेच्या मोटारीमुळे. ती तुझी मदतनीस. इंजिन बंद पडलं की मदतनीस गेली, चाक काही जात नाही. जड होईल, दोन्ही हातांनी ओढ. ब्रेक एकदाच दाब, पंप मारल्यासारखा हाणू नकोस. आणि काही झालं तरी किल्ली काढायची नाही. किल्ली निघाली की चाकाला कुलूप पडतं, मग देव आला तरी वळत नाही."

पोर घाबरून किल्लीला हात घालील म्हणून ते आधीच किल्ली चाकाशेजारच्या वायपरच्या दांड्याला तांब्याच्या तारेने बांधून टाकायचे. तीन वेढे, आणि टोक मागे वळवून आत खोचलेलं. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

पण वडील गेले, तार गेली, गाडी म्हातारी झाली. जागेवर उभी असताना चालूच व्हायची नाही. त्यावर सासूने एक उपाय काढला होता: किल्ली काढायची, बाहीला पुसायची, परत घालायची. गंमत म्हणजे गाडी चालू व्हायची! सुनेच्या हाताला ती सवयच लागली. गाडी बंद, की किल्ली हातात. हे लक्षात ठेवा.

अर्धा घाट उतरला आणि धुकं आलं. बोनेटच्या पुढचं दिसेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठड्याचे चार दगड, त्यापलीकडे पांढरं, नुसतं पांढरं. सासूची बडबड चालली होती. ती मध्येच थांबली.

"सूनबाई... वार्निश कुठे लावलंय का?"

वास सुनेलाही आला होता. खिडक्या बंद होत्या. शेजारच्या सीटवर औषधांची पिशवी, बाकी कुणी नाही. आणि त्या सीटचं स्प्रिंग करकरलं. कुणा जड माणसाने सावरून बसावं, तसं.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

तुम्ही कधी उतारावर इंजिन बंद पडलेलं ऐकलंय? आवाज जातो, पण गाडी जातच राहते. फक्त टायरखालची खडी... करर... करर... पुढे सगळे लाल-पिवळे दिवे लागले. सुनेने चाक वळवायला घेतलं, तर ते दगडासारखं जड. समोर धुक्यातून वळण आलं, उजवीकडचं.

मागून सासू ओरडली, "बंद पडली का? काढ किल्ली, पूस, घाल परत!"

आणि सुनेचा हात गेला की हो किल्लीवर! सवयीचा हात, त्याला कुठलं वळण नि कुठला घाट. तिने किल्ली मागे फिरवून ओढली.

किल्ली हलली नाही.

एरवी फुंकर मारली तरी निघणारी किल्ली. तिने पुन्हा ओढली. किल्ली कोमट लागली, नुकत्याच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी... आणि त्या उबेबरोबर उतारावरचा सगळा धडा तिच्या दंडांत उतरला. तिने किल्ली सोडली. दोन्ही हातांनी चाक धरलं, दात आवळले आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तसं उजवीकडे ओढलं. चाक वळलं. जडच वळलं, पण वळलं. कठड्याचा दगड मागच्या दाराला घासून गेला. तिने ब्रेक एकदाच दाबला, जीव खाऊन, आणि दाबूनच ठेवला. गाडी डोंगराच्या बाजूला खडीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

सुनेने ब्रेकवरचा पाय न काढता हातब्रेक ओढला. मग सुनेने खाली पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही थट्टा तुमची ना? खरं सांगा... मी रागावणार नाही."

किल्ली वायपरच्या दांड्याला बांधलेली होती. नव्या कोऱ्या, चकचकीत तांब्याच्या तारेने. तीन वेढे, टोक मागे वळवून आत खोचलेलं.

सासूने पुढे वाकून चाचपून पाहिलं. सुईत दोरा ओवता येत नाही अशी तिची बोटं, डोळ्यांत औषध, वर काळा चष्मा. आणि वर डॉक्टरच्या दारात सुनेने स्वतः किल्ली घालून फिरवली, तेव्हा तार नव्हती.

"नाही गं पोरी," सासू म्हणाली. आणि तिने ती गाठ पुन्हा एकदा चाचपली.

गॅरेजवाला गाडी ओढून न्यायला आला. इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप गेला होता, एवढंच. किल्लीचं कुलूप पाहून तो म्हणाला, "बाई, हे पार झिजलंय. ही किल्ली न निघायला काही कारणच नाही. त्या वळणावर निघाली असती तर..." मग त्याने तार पाहिली. तो पोरगा असताना तारवाल्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने पक्कड पुढे केली, तशीच खाली घेतली आणि टोपी काढून उभा राहिला. शेवटी सुनेनेच ती गाठ नखाने सोडवली.

ती तार सुनेने बटणांच्या डबीत जपून ठेवली. तेव्हापासून दारात गाडी लावली की ती शेजारच्या रिकाम्या सीटला सांगते, "बाबा, पोचले हो." सासू मागून म्हणते, "आणि व्याहीबुवा, मीही पोचले. तुमच्या लेकीला मारायला निघाले होते मी माझ्या शहाणपणाने. उपकार कसे फेडू?" यात थट्टा नसते. त्या बाईचं हे एवढंच बोलणं बिनथट्टेचं.

झाली गोष्ट. नाही, जरा थांबा.

गेल्या सोमवारी सकाळी सून कपडे वाळत घालायला वरच्या गॅलरीकडे गेली आणि जिन्यातूनच तिने हाक मारली. गॅलरीच्या दाराची कडी तांब्याच्या तारेने बांधलेली. तीन वेढे, टोक आत खोचलेलं. बटणांची डबी उघडून पाहिली. आधीची तार डबीतच होती.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही.

माझा मुलगा फोनवर म्हणतो, गवंड्याला बोलवा, गॅलरी तपासून घ्या. बोलवू. तोवर कपडे खालच्या खोलीत वाळतात, आणि त्या दाराला आम्ही दोघी हात लावत नाही. म्हणजे, मी काल एकदा लावला. नुसत्या तारेला.

अजून कोमट आहे.