डावीकडची सीट

ब्रिस्बेनच्या कितीतरी उत्तरेला, टली गावात पावसाळा लागला की कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी चढते, डब्यातल्या मिठाचा दगड होतो आणि माझ्याकडे गाड्या यायला लागतात. कुणाची काच उघडी राहिलेली असते, कुणाच्या दाराचं रबर कुजलेलं. आमचं घर उंच खांबांवर आहे. खाली सिमेंटच्या जमिनीवर माझा कारखाना, तीन बाजूंना लाकडी जाळी, चौथ्या बाजूला आंब्याचं झाड आणि त्यापलीकडे थेट ऊस. गाड्यांच्या सीट शिवणं, फाटलेल्या सांधणं, भिजलेल्या वाळवणं हे माझे वडील करायचे, आता मी करते.

भिजलेल्या चामड्याला ऊन दाखवायचं नाही, हे त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं. उन्हात ते ताठरतं आणि शिवणीपाशी तडकतं. सीट गाडीतून काढायची, चामडं उसवून सोलायचं, आतला फोम पिळायचा, आणि मग सावलीत पंख्यापुढे सगळं सोडून द्यायचं. बुरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची. चामडं आतून वाळलं की लोकरीचं तेल चोळायचं, थोडं थोडं, ते पिईल तेवढंच. काम कंटाळवाणं आहे, पण फसत नाही.

यंदाचा पाऊस ओसरत आला होता तेव्हा रेक्स ट्रेहर्न त्याची जुनी हिरवी जॅग्वार घेऊन दारात आला. रेक्स म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. रोझाल्बा जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"काय ग्राझिया, ओळख आहे ना अजून?" गाडीतून न उतरताच तो म्हणाला. "काच उघडी राहिली. आतमध्ये नुसता चिखल झालाय. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. नवरीला काय ओल्या सीटवर बसवू?"

"टाउन्सव्हिलला ने."

"तिथे रांग आहे. आणि घरची माणसं असताना बाहेर कशाला जायचं?" 'घरची' हा शब्द त्याने सावकाश चघळला.

मी हातातला चिमटा त्याच्या तोंडावर फेकला असता. पण माझी नजर गाडीच्या डाव्या सीटवर गेली. रोझाल्बा शेवटची तिथे बसली होती. मिशन बीचवर कुणाकडे तरी जेवायला गेले होते दोघं. परतताना भांडण झालं. धो धो पाऊस होता. रेक्सने पोलिसांना सांगितलं, ती रागाने स्वतःच उतरली आणि उसात शिरली, आपण हाका मारल्या, पण ती आली नाही. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता; त्याच्या बरंच खाली, शेताच्या चरात ती सापडली. तिच्या उजव्या हाताची नखं मुळापासून मोडली होती. वाहत्या पाण्यात माणूस मिळेल ते धरायला बघतो, असं डॉक्टर म्हणाले. अपघाती मृत्यू असा निकाल लागला. गाडी कुणी तपासली नाही, कारण ती गाडीत मेली नव्हती.

"किल्ली ठेवून जा," मी म्हणाले.

वरच्या मजल्यावर माझ्यासोबत अल्फिओ मामा राहतात, माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळं आयुष्य ऊस तोडण्यात गेलेलं, आता गुडघे गेले आहेत पण जीभ शाबूत आहे. जिन्यावरूनच ते ओरडले, "त्या डुकराची गाडी माझ्या पलंगाखाली? पेट्रोल ओत आणि काडी लाव!"

"मामा, घरही जळेल."

"जळू दे. विमा आहे."

मी कामाला लागले. चारही सीट काढल्या, गालिचा उचलला, खालचं तागाचं अस्तर उन्हात टाकलं. मागच्या सीट वाळल्या, चालकाची वाळली. मलईच्या रंगाचं ते चामडं तेल पिऊन पुन्हा मऊ झालं, हातमोज्यासारखं. फक्त डावीकडची सीट वाळेना.

मला आधी वाटलं, फोम सडला असेल. तो फेकून नवा कापला. चामड्याला दुसरं अस्तर लावलं. ओल खेचणारं यंत्र तिच्याजवळ सरकवलं. संध्याकाळी ती हाताला कोरडी लागायची आणि सकाळी पुन्हा ओली. तीही सगळीकडे सारखी नाही. बैठकीवर दोन मांड्यांचे आकार आणि पाठीवर एक अरुंद पाठ, तेवढेच भाग काळपट, थंड, निथळणारे. खाली सिमेंटवर थेंब जमलेले. त्यांना चिखलाचा आणि ओल्या उसाच्या पात्यांचा वास यायचा, मुसळधार पावसात शेताच्या बांधावर येतो तसा.

मी छतातून जाणारे पाण्याचे नळ तपासले. सीट जागा बदलून जिन्याखाली ठेवली, मग जाळीपाशी. वर प्लास्टिक पसरलं. प्लास्टिक कोरडं राहिलं आणि त्याखाली सीट भिजली. या धंद्यात मी म्हातारी होत आले, पण खालून वर भिजणारं चामडं मी पाहिलं नव्हतं. शेवटी कंटाळून सगळ्या सीट गाडीत परत बसवल्या, निदान बंद गाडीत काय होतं ते बघू म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप घेऊन खाली आले तर डाव्या काचेवर हाताचे पंजे उमटलेले.

बाहेरच्या बाजूने. ओले आणि ताजे, ओघळ अजून खाली सरकत होते. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. कारखान्याची जमीन कोरडी ठणठणीत होती, पावलाचा एक ठसा नव्हता. मामांचा पंजा फावड्यासारखा आहे. हे पंजे छोटे होते, लांब बोटांचे.

पुढच्या दाराच्या काचेवर ते एकावर एक होते, कुणी दोन्ही हातांनी बडवत असल्यासारखे. दाराच्या मुठीभोवती बोटांचे ठसे होते. मग मागच्या दाराच्या काचेवर एक पंजा, आधीच्यापेक्षा खाली. मग मागच्या चाकावरच्या पत्र्यावर. शेवटचा डिकीच्या कोपऱ्यावर होता, आणि तिथून चार बारीक रेषा पत्र्याच्या कडेपर्यंत घसरत गेल्या होत्या.

कॉफी हातातच गार झाली.

ती उतरली नव्हती. तिला उतरवलं होतं. दारं आतून लावून घेतली होती, आणि ती चालत्या गाडीला धरून पळत होती.

मी पंजे पुसले. पुढच्या सकाळी तसेच होते, त्याच जागी, त्याच क्रमाने. या वेळी मी मामांना हाक मारली. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरले, गाडीला फेरी मारली आणि डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण ते जिन्याच्या तळाशी बसले आणि म्हणाले, "इतके दिवस बाहेर उभी आहे पोर. दार उघड ना तिला."

"मामा, काहीतरीच काय बोलता."

"तू गाड्या वाळवतेस ना? मग वाळवताना दारं उघडी ठेवत नाहीस?"

ठेवते. वारा खेळावा म्हणून सगळेच ठेवतात. त्या संध्याकाळी मी डावीकडचं दार सताड उघडलं, मधे लाकडाचा ठोकळा लावला आणि वर गेले. खोटं कशाला सांगू, मी ते वाऱ्यासाठी केलं नव्हतं.

सकाळी ठोकळा बाजूला पडला होता. दार बंद होतं. बाहेर एकही पंजा नव्हता. काच आतून धुरकट झाली होती, पावसात भिजलेलं माणूस गाडीत येऊन बसल्यावर होते तशी.

त्यानंतर मी त्या सीटला हात लावला नाही.

रेक्स गाडी न्यायला आला तो भर दुपारी, नव्या बाईला सोबत घेऊन. ब्रायनी औषधांच्या दुकानात काम करायची, मला तोंडओळख होती. मामांच्या गुडघ्यांची गोळी संपली की ती स्वतः आणून द्यायची. पांढऱ्या झग्यात आली होती, उन्हाने गाल लाल झालेले.

"वाळली का नाही?" रेक्सने विचारलं.

"डावीकडची नाही वाळली. वाळणारही नाही. का ते तुला माहीत आहे." मग मी ब्रायनीकडे वळले. "तू या गाडीत बसू नकोस. एवढं ऐक माझं."

ब्रायनी गोंधळून त्याच्याकडे बघायला लागली. रेक्स हसला. "सांगितलं नव्हतं तुला? या घरात सगळ्यांचंच डोकं जरा सरकलेलं आहे. बस गं, काही होत नाही."

ती बसली. आणि लगेच उठली. उठली म्हणजे अक्षरशः बाहेर फेकल्यासारखी आली. झगा मागून ओलाचिंब झाला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने ओला झगा मागून अंगापासून सुटा केला. "मी... मला वाटलं, मी कुणाच्या तरी मांडीवर बसले."

"नाटकं पुरे," रेक्स म्हणाला. "बस आत."

"मी नाही बसणार."

"ब्रायनी, बस म्हणतोय ना!"

"नाही!"

"तीही अशीच होती," तो एकदम उसळला. "ऊठसूट तमाशा! मग म्हटलं, जा पायी, तेव्हा कळली किंमत."

ब्रायनी एक पाऊल मागे सरकली.

"काय म्हणालास?" ब्रायनीने हळू विचारलं. "तू तर सांगितलं होतंस, ती स्वतः उतरली म्हणून."

रेक्सचा चेहरा बिटासारखा झाला होता. तो चालकाच्या सीटवर बसला, दार आपटलं आणि अंगणातली खडी उडवत निघून गेला.

ब्रायनी जिन्याच्या पायरीवर बसून रडली. मामांनी वरून टॉवेल फेकला. जरा वेळाने डोळे पुसत ती म्हणाली, "माझी पर्स त्याच्या गाडीत आहे. घराच्या किल्ल्या आहेत त्यात."

"चल," मी म्हणाले. पर्स हे निमित्त होतं. मला त्या गाडीच्या मागे जायचं होतं.

त्याचं घर त्याच ओढ्यापलीकडे. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंनी ऊस, वर निळं आभाळ, ढगाचा तुकडा नाही. माझा पिकअप जुना आहे, जोरात पळत नाही. तरी गाव मागे पडल्यावर लांबवर हिरवी गाडी दिसली. ती फार हळू चालली होती.

"अहो," ब्रायनी म्हणाली, "वायपर बघा."

वायपर चालू होते. पूर्ण वेगात, त्या रखरखीत उन्हात, सपासप.

ओढ्याच्या उताराआधी गाडी थांबली.

चालकाचं दार उघडलं. रेक्स उतरला. खांदे पाडून, हात अंगाशी धरून, कुणी दटावून उतरवल्यासारखा. कोरड्या रस्त्यावर उभा राहिला आणि डोळ्यांवर आडवा हात धरला, पावसात धरतात तसा.

त्याच्या मागे दार बंद झालं.

त्याने दाराची मूठ ओढली. मग काचेवर हात मारला. मग दोन्ही हातांनी बडवायला लागला. इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंड उघडलेलं दिसत होतं.

गाडी हलली.

तो मुठीला धरून पळायला लागला.

"थांबवा कुणीतरी!" ब्रायनी किंचाळली. मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून धरला होता, पिकअप याहून जोरात जात नव्हता.

उतारावर गाडी उसाआड गेली. तोही गेला.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी पलीकडच्या काठावर उभी होती. इंजिन बंद. दारं आतून लावलेली.

रेक्स ओढ्यात पालथा पडला होता. पाणी घोट्याइतकं होतं, तळातले गोटे दिसत होते. आम्ही दोघींनी त्याला ओढून उताणा केला. त्याच्या तोंडातून पाणी आलं. येतच राहिलं. गढूळ, लाल मातीचं, पुराचं पाणी. त्याच्याभोवती ओढा काचेसारखा स्वच्छ वाहत होता.

ब्रायनी त्याची छाती दाबत राहिली. मी तिला थांबवलं नाही, मदतही केली. पण मला दया आली नाही.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात नवा तरुण अधिकारी होता, ब्रिस्बेनहून नुकताच बदलून आलेला. त्याला आमच्या गावातलं कुणी माहीत नव्हतं. त्याने आम्हाला चहा दिला, माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मी एवढंच सांगितलं की रेक्स एकटाच निघाला, आम्ही मागून गेलो.

"एकटा?" तो अवघडला. "वाटेत तो पेट्रोल भरायला थांबला होता. पंपावरच्या बाई म्हणतात, शेजारी एक स्त्री बसली होती. काच खाली करून, उन्हात केस बाहेर सोडून. वाळवत असावी. बाई तिला काहीतरी बोलल्या, तर ती हसली म्हणे."

ब्रायनीने कप खाली ठेवला.

"ती अजून सापडलेली नाही," अधिकारी म्हणाला. "तिच्या घरच्यांना कळवायला हवं. तुम्ही ओळखता का तिला?"

"ओळखते," मी म्हणाले. "घरच्यांना माहीत आहे."