मागे बसणारी

मे महिन्यातली भर दुपार होती. विद्यापीठाला सुट्ट्या लागल्या होत्या. वीस मिनिटांचं गाणं फोनवर रेकॉर्ड करायचं, एवढ्याच कामासाठी मी तिथे गेले होते. नागपूरच्या एका गुरुकुलाला ते पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं. निवड झाली तर शिकायला मिळणार. नाहीतर काका सिलतऱ्याच्या कारखान्यात हजेरी लिहायला चिकटवणार होता. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कूलरच्या घरघरीत स्वतःचा सासुद्धा ऐकू येत नाही.

गायनाची पदवी मी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सोडली. काहून, ते ऐका. दिवाकर सर म्हणायचे, आधी मागे बसायचं, मग पुढे गायचं. दोन वर्षं मी त्यांच्या मागे बसून तानपुरा छेडला. पुढे कधी बोलावलंच नाही. वर आम्हा पोरींनाही त्यांच्याच खालच्या पुरुषी पट्टीत, काळी एकमध्ये गायला लावायचे. आमचे गळे खाली घुसमटायचे. म्हाताऱ्याला तानपुरा पुन्हा लावायचा कंटाळा, आणि त्याला नाव परंपरा.

चौकीदार हिरालालकाकांनी गायनाच्या खोलीची किल्ली दिली.

"लवकर उरक, रुचिता. अन् गाताना मांगं पाहू नको."

"काहून?"

"कुसुम बसते कधीकधी. चौदा वर्षं सरायच्या मांगं बसली बिचारी. तापानं गेली. शेवटी बोलता येत नव्हतं, पण तार छेडल्यावानी बोटं चालूच होती म्हणतात."

"अन् सर?"

"सरायनं तिच्या जागेवर तुले बसवलं ना."

मी हसले. पण जिना चढताना हसू गळून पडलं.

खोलीत सतरंजीचा कुबट वास होता. खिडकीच्या काचेवर कारखान्यांची काळी धूळ. कोपऱ्यात खोळ घातलेला तानपुरा. त्याला हात लावला नाही. दोन वर्षं पुरे झाली होती. विभागातला विजेवरचा तानपुरा सुरू केला, तर तोही सरांच्याच पट्टीवर अडकलेला. म्हटलं, असू दे. फोन समोर ठेवला आणि भीमपलासी सुरू केला.

चार मिनिटांत लाइट गेली. पंखा मंदावत थांबला. विजेवरच्या तानपुऱ्याचा लाल दिवा विझला.

तानपुरा मात्र वाजत राहिला... माझ्या मागे.

मग खुंटी पिळल्याची करकर झाली. एक तार वर चढली. दुसरी. चारही तारा हळूहळू काळी चारवर येऊन थांबल्या. माझ्या पट्टीवर. आजवर कोणी माझ्यासाठी तानपुरा लावला नव्हता.

पळता आलं असतं. पण म्हाताऱ्याला भिऊन एकदा पळालेच होते मी. फोनवरचं आधीचं पुसलं, नव्याने रेकॉर्डिंग लावलं आणि सा धरला. सूर असा लागला की भिंती भरून आल्या. मानेवर तापलेल्या अंगाची ऊब येत होती. मी मागे पाहिलं नाही.

तराणा संपत आला तेव्हा कानाशी कुजबूज झाली.

"आता... मी गाऊ?"

खरं सांगते, भीतीपेक्षा मला रागच आला. माझी वीस मिनिटं होती ती.

"थांब," मी म्हटलं. "माझं होऊ दे."

माझं झालं. फोन उचलला आणि मागे न बघता खाली उतरले. घरी परतताना तेलीबांध्याला बसमधूनच रेकॉर्डिंग पाठवून दिलं. निवड झाली. परवा नागपूरला निघायचंय.

काल बाजारातून आले, तर आईने दोन कप चहा पुढे ठेवला.

"तुह्या मैत्रिणीले बी दे. दुपारभर गाऊन राहिली होती आतल्या खोलीत."

"कोण मैत्रीण, आई?"

"तेच... मले तं पहिले वाटलं तूच हायेस. गळा अगदी तुहाच हाये वं तिचा."

आज सकाळपासून बसले आहे. माझा सा लागत नाहीये.